विश्लेषण : जुनी कार घेताना तिची खरी अवस्था ओळखायची कशी?

‘सिंगल ओनर, कमी रनिंग, गाडी एकदम शोरूम कंडिशन’ ही जुन्या गाड्यांच्या बाजारातली ठरलेली भाषा. पण मीटरवरचा आकडा आणि पत्र्यावरची चकाकी या दोन गोष्टी बदलणे सर्वांत सोपे असते. मग विश्वास कशावर ठेवायचा? गाडीचा पूर्वेतिहास कोठे आणि कसा वाचायचा?

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात फसगत का होते?

विकणाऱ्याला गाडीचे सगळे दुखणे माहीत असते, घेणाऱ्याला मात्र फक्त बाह्यरूप दिसते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये नेमक्या याच बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या असमानतेवर निबंध लिहिला. २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे हेच काम होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : चांगली आणि वाईट गाडी ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, वाईट गाडी विकणाऱ्याला मात्र फायदा होतो. हळूहळू बाजारात वाईट मालाचे प्रमाण वाढते.

त्यामुळे ग्राहकाची खरी कमाई घासाघीस करून वाचवलेल्या पाच-दहा हजारांत नसते, ती माहितीतली ही तफावत कमी करण्यात असते. त्यासाठी तीन ठिकाणी पाहावे लागते : कागदपत्रे, पत्रा आणि इंजिन. तिन्हींनी सांगितलेली गोष्ट एकमेकांशी जुळली पाहिजे. कोणत्याही एकाच खुणेवरून गाडी चांगली किंवा वाईट ठरत नाही. विसंगती दिसली की तिचे कारण विचारायचे आणि ते पटले नाही तर पुढे जायचे, ही साधी पद्धत.

सुरुवात कागदपत्रांपासून का करावी?

कारण त्याला खर्च नाही आणि गाडी पाहायला जाण्यापूर्वीच निम्म्या शंका फिटतात. केंद्र सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर किंवा ‘एमपरिवहन’ अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, इंधनाचा प्रकार, विमा आणि पीयूसीची मुदत असा तपशील मिळतो. आरसीवर मालकाचा अनुक्रमांक असतो. ‘फर्स्ट ओनर’ म्हणून सांगितलेल्या गाडीच्या आरसीवर तो दोन किंवा तीन असेल, तर बोलणी तिथेच थांबवलेली बरी. उत्पादनाचा महिना आणि नोंदणीचा महिना यांतले अंतरही पाहावे. डिसेंबरमध्ये तयार होऊन पुढच्या वर्षी नोंदलेली गाडी ‘नव्या वर्षाची’ म्हणून विकली जाते.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. महाराष्ट्रातील थकीत दंड वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर दिसतो.

परराज्यातली गाडी असेल तर आणखी सावध राहावे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले. या निर्बंधांचे स्वरूप पुढे बदलत गेले, पण वय भरत आलेल्या ‘दिल्ली पासिंग’ गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकण्याचा धंदा त्यातून वाढला. अशा गाडीसाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, शिवाय महाराष्ट्रात नव्याने कर भरून येथला क्रमांक घ्यावा लागतो. हा खर्च धरला की स्वस्ताई बरीच विरघळते.

विम्याच्या कागदातून काय कळते?

बहुतेक जण विम्याची फक्त मुदत पाहतात. त्याहून बोलका असतो ‘नो क्लेम बोनस’चा रकाना. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी ही सवलत चढत जाते. सहा वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या ताज्या पॉलिसीवर हा आकडा शून्य असेल, तर आदल्या वर्षी दावा झाला असण्याची शक्यता मोठी. पॉलिसी मध्ये खंडित झाली होती, असेही उत्तर मिळू शकते. मग मागच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी मागाव्यात. उलट बाजूही लक्षात घ्यावी. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते आणि ती जुन्या गाडीवरून आलेली असू शकते, शिवाय ती टिकवून ठेवणारे जादा कवचही मिळते. त्यामुळे ५० टक्के हा आकडा म्हणजे गाडी निष्कलंक असल्याचा दाखला नव्हे.

दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. अशा गाड्यांचे सांगाडे लिलावात जातात. त्यांतल्या काही पुन्हा उभ्या करून बाजारात आणल्या जातात. म्हणूनच चेसिस आणि इंजिनावर ठोकलेले क्रमांक आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. आकडे वाकडेतिकडे, घासलेले किंवा भोवतीचा रंग नवा वाटला तर तो व्यवहार करू नये.

किलोमीटरचा आकडा खरा की मागे नेलेला?

डिजिटल मीटर आल्यावर रनिंग कमी करणे अवघड होईल, असे वाटत होते. प्रत्यक्षात लॅपटॉपच्या मदतीने ते सोपेच झाले. म्हणून मीटरऐवजी झीज पाहावी. खासगी गाडी साधारणपणे वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालते. सात वर्षांची गाडी ३० हजारच चालली असेल तर ते अशक्य नाही, पण मग गाडीनेही तसेच दिसले पाहिजे. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचे आवरण चकचकीत, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसट आणि चालकाच्या आसनाची कड दबलेली असेल, तर ३० हजारांचा दावा टिकत नाही. ही झीज झाकण्यासाठी नवे सीट कव्हर आणि स्टिअरिंग कव्हर घातले जाते. ते काढून पाहायला सांगण्यात संकोच करू नये.

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. समजा, गाडी २०१९ ची, मीटरवर २८ हजार किलोमीटर आणि चारही टायर २०२२ चे आहेत. मूळ टायर एवढ्या लवकर का बदलले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. स्टेपनीचा शिक्काही पाहावा, ती बहुधा मूळचीच असते.

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्या संमतीने ती मागवावी. प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या दिवशीचे रनिंग त्यात असते. आकडा कोठे मागे गेला असेल किंवा नोंद एकाएकी दोन-तीन वर्षे तुटली असेल, तर ते लगेच दिसते.

अपघाताच्या खुणा कोणत्या?

गाडी नेहमी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना पाहावी. नुकत्याच धुतलेल्या ओल्या पत्र्यावर किंवा पार्किंगमधील दिव्याखाली रंगातला फरक कळत नाही. बाजूला उभे राहून पत्र्यावरून नजर सरळ रेषेत फिरवली की डेंटिंग केलेली जागा लाटेसारखी दिसते. दरवाजे, बोनेट आणि डिक्कीच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, हे पाहावे.

रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र अनेक मेकॅनिककडे असते. कारखान्यातला रंग साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, पुन्हा रंगवलेला पत्रा २०० च्या पुढे जातो आणि खाली लांबी भरलेली असेल तर आकडा कित्येक पटींनी वाढतो. यंत्र नसेल तर कापडात गुंडाळलेले लोहचुंबक चालते. लांबी जाड असेल तिथे ते पकडत नाही. बंपर प्लास्टिकचा असल्याने तिथे हा प्रयोग करू नये.

मात्र एखादा दरवाजा किंवा फेंडर रंगवलेला असणे हा गुन्हा नाही. आपल्याकडच्या रहदारीत ओरखडे यायचेच. खरा प्रश्न सांगाड्याचा असतो. बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे अ‍ॅप्रन, पुढची आडवी पट्टी, दरवाजांच्या रबरी पट्ट्या ओढून त्यामागचे खांब आणि स्टेपनी काढून डिक्कीचा तळ पाहावा. कारखान्यातले वेल्डिंग ठरावीक अंतरावरच्या गोल ठशांसारखे असते, गॅरेजमधले ओबडधोबड. फेंडर आणि बिजागऱ्यांच्या नटबोल्टवरचा रंग उडाला असेल तर पान्याने ते कधीतरी उघडले गेले आहेत. सांगाडा ओढून सरळ केलेल्या गाडीत पुढच्या अपघातात जिवाला धोका असतो, म्हणून ती कितीही स्वस्त असली तरी नको.

एक तपासणी कधीच विसरू नये. चावी ‘ऑन’ केल्यावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर दिव्याची जोडणी तोडलेली असू शकते. अपघातात उघडलेली एअरबॅग महाग असल्याने ती न बदलता वर नुसते झाकण बसवून, दिवा बंद करून गाडी विकली जाते. दिवा विझलाच नाही तरी यंत्रणेत बिघाड आहे.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखावी?

२६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ मधील कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मधील चिपळूण-महाड या पुरांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरातली गाडी बहुतेक वेळा दुसऱ्याच जिल्ह्यात विकली जाते. त्यामुळे पासिंग कोठले आहे यावरून निर्धास्त होऊ नये.

चिखल धुतला तरी काही जागी उरतोच. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा, टोकाकडे मातकट डाग किंवा पाण्याची रेघ दिसते का पाहावे. चालकाच्या पायाखालचे कार्पेट उचलावे. सीटचे रूळ, डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट यांवर गंज असेल तर तो साध्या पावसाचा नसतो. हेडलाइटच्या आत बाष्प किंवा गाळ, स्टेपनीच्या खड्ड्यात वाळू आणि बंद गाडीत कुबट वास या खुणा बोलक्या आहेत. सुगंधी फवाऱ्याचा उग्र वास येत असेल तर काचा बंद करून गाडी थोडा वेळ उन्हात ठेवावी आणि मग दार उघडावे. पाण्याचा फटका वायरिंगला आणि नियंत्रण यंत्रणेला उशिरा जाणवतो. खरेदीच्या दिवशी सुरळीत चालणारी गाडी काही आठवड्यांनी रस्त्यात बंद पडते, ती यामुळे.

इंजिन थंड असतानाच का पाहावे?

गरम इंजिन अनेक दोष लपवते. पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवावा. गाडी ‘तुम्ही येणार म्हणून’ आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. थंड गाडी एका चावीत सुरू होते का, सुरुवातीला साखळी वाजल्यासारखा आवाज येतो का, हे ऐकावे. त्या वेळी एकाने सायलेन्सरमागे उभे राहावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. न थांबणारा दाट पांढरा धूर आणि गोडसर वास म्हणजे कूलंट ज्वलनकक्षात जाते आहे. हिवाळ्याच्या सकाळी दिसणारी आणि लगेच विरणारी वाफ वेगळी, तिची चिंता नको. पेट्रोल गाडीतून काळा धूर येत असेल तर इंधनाचे प्रमाण बिघडलेले असते.

ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, सायीसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. इंजिन चालू असताना हे झाकण सैल केल्यावर जोराने हवेचे झोत येत असतील, तर मेकॅनिक त्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. पिस्टन-रिंगांची झीज झाल्याचे ते लक्षण असते आणि इंजिनकामाचा खर्च मोठा असतो. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन गरम असताना कधीही उघडू नये.

चालवून पाहताना काय तपासावे?

सोसायटीभोवती एक फेरी पुरेशी नाही. किमान दहा-पंधरा किलोमीटर, थोडा खराब रस्ता, एखादा चढ आणि थोडा मोकळा रस्ता असा मार्ग निवडावा. रेडिओ आणि सुरुवातीला एसीही बंद ठेवावा. तिसऱ्या गिअरमध्ये हळू वेगात असताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. इंजिनचा आवाज चढला पण गाडीचा वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपत आली आहे. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते का, वेगात स्टिअरिंग थरथरते का, खड्ड्यात खडखड आवाज येतो का, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट वाजते का, हे पाहावे. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बहुधा व्हील बेअरिंगची असते. परतल्यावर गाडी दहा मिनिटे चालू ठेवून एसी लावावा, तापमानाचा काटा चढतो का आणि खाली ऑइलचा थेंब पडतो का, ते पाहावे.

शेवटी ओबीडी स्कॅनर लावून घ्यावा. स्टिअरिंगखालच्या जोडणीत तो बसतो आणि संगणकातील दोषांचे संकेतांक दाखवतो. एकही दोष दिसत नाही, पण ‘स्वयंतपासणी अपूर्ण’ असे बहुतेक रकान्यांत येत असेल, तर संकेतांक नुकतेच पुसले गेले असावेत किंवा बॅटरी काढलेली असावी.

सीएनजी आणि इलेक्ट्रिक गाड्यांचे काय?

सीएनजी किट बाहेरून बसवलेले असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. नोंद नसेल तर दुर्घटनेनंतर विमा दावा अडकतो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी बंधनकारक आहे, तिचे प्रमाणपत्र मागावे. पूर्वी टॅक्सी म्हणून चाललेली गाडी खासगी नोंदणीत बदलून विकली जाते. आरसीचा जुना तपशील आणि मागच्या आसनाची जादा झीज त्याचा सुगावा देतात.

इलेक्ट्रिक गाडीत रनिंगपेक्षा बॅटरीची उरलेली क्षमता महत्त्वाची. अधिकृत केंद्रातून तिचा अहवाल घ्यावा. अनेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १.६० लाख किलोमीटरपर्यंतची हमी देतात, पण ती दुसऱ्या मालकाला पूर्णपणे लागू होते का, हे लेखी विचारावे.

विक्रेत्याचा तपासणी अहवाल पुरेसा आहे का?

उपयोगी आहे, पुरेसा नाही. विकणाऱ्यानेच केलेली तपासणी ही शेवटी त्याच्या बाजूची असते. हमीपत्रात इंजिन आणि गिअरबॉक्स असले तरी क्लच, ब्रेक, सस्पेन्शन वगळलेले असू शकतात. म्हणून आपल्या ओळखीच्या, त्या कंपनीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या मेकॅनिकला हजार-दोन हजार रुपये देऊन सोबत न्यावे आणि गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहावी. एवढ्याला विक्रेता तयार नसेल, तर तेच त्याचे उत्तर समजावे. तपासणीपूर्वी इसार देण्याचा आग्रहही मान्य करू नये.

किमतीबाबतही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे जुन्या गाडीची तुलना मालकाने मोजलेल्या किमतीशी नव्हे, तर नव्या गाडीच्या आजच्या किमतीशी करावी. नोंदणीकृत विक्रेत्याला त्याच्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो, दोन व्यक्तींमधील थेट व्यवहारात तो लागत नाही.

पैसे दिल्यावर कोणती काळजी घ्यावी?

मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत व्यवहाराची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते. विमा आपल्या नावावर करण्यासाठी विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करावा. तो केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच अपघात भरपाईसाठी मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. म्हणून नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असली पाहिजे. ती नसेल तर का नाही, हे विचारावे.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना १ एप्रिल २०२३ पासून आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, ते दाखवायला सांगावे. सांगितलेले रनिंग, अपघात झाला नसल्याची हमी आणि मालकांची संख्या विक्री करारात लिहून सही घ्यावी. तोंडी आश्वासनाला ग्राहक आयोगात किंवा पोलिसांत फारसे वजन नसते, लेखी खोट्या हमीला असते. शिवाय ही ओळ लिहायला सांगितल्यावर विक्रेत्याचा चेहरा कसा होतो, हीदेखील एक तपासणीच असते.